ऐनाच्या सालीवर काळी त्वचा: यल्लापूरच्या रानातल्या आत्मचित्रांच्या प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर २०२४ : आखणी

जागा यल्लापूर तालुका, उत्तर कन्नड. सीमाभागातली मराठी माणसं अजून कारवार जिल्हाच म्हणतात. काम असं की एक सिद्दी बाई आपल्या राहत्या रानात स्वतःची छायाचित्रं स्वतः घेणार. फ्रेम, पोज, शटर आणि शेवटची निवड ताईंची. प्रकाश, मोजमाप, फाइली आणि छपाई आमच्याकडे. ताई कोकणी बोलतात, आम्ही मराठी. काही अडत नाही.

मराठी वाचकाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. ती किल्ल्याची आणि दरबाराची बाजू झाली. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या पट्ट्यातले सिद्दी मुख्यतः पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून निसटून घाटावरच्या रानात शिरलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले. तरी बस स्टँडवर 'कुठल्या देशाचे?' हा प्रश्न सुटत नाही. म्हणून चित्रात रान हवं, पण नुसती पार्श्वभूमी म्हणून नको, ही ताईंची पहिली अट. दुसरी अट: पर्यटकांपुढच्या नाचातली पिसं, रंगवलेले चेहरे, पानांचे घागरे काहीही नको. घरचे कपडे.

तिसरी अट तांत्रिक आहे आणि पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे: त्वचा उजळायची नाही.

परवानगीचं: राखीव जंगलात चित्रीकरणाला वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि काळी व्याघ्र प्रकल्पाची हद्दही फार लांब नाही. म्हणून सगळ्या जागा घरच्या शेताच्या बांधावर आणि लगतच्या ओढ्याकाठी ठरवल्या.

५ ऑक्टोबर : त्वचेचं मोजमाप

झाडाखाली, ढगाळ सकाळी, साडेआठला: आयएसओ (संवेदनशीलता) ४००, एफ४ (लेन्सचं छिद्र), १/६० सेकंद. म्हणजे आयएसओ १०० ला साधारण इव्ही ८ (इव्ही हा उजेडाचा आकडा, एकाने वाढला की उजेड दुप्पट). हे आकडे प्रकाशमापकाच्या पांढऱ्या घुमटाचे, म्हणजे चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचे. कॅमेऱ्याचा मीटर मात्र चेहऱ्यावरून परतणारा प्रकाश मोजतो आणि समोर काहीही असलं तरी त्याला मधल्या राखाडीवर आणून बसवतो. ताईंच्या उजेडाकडच्या गालाचं स्पॉट रीडिंग (छोट्या ठिपक्यापुरतं मोजमाप) घुमटाच्या रीडिंगपेक्षा १⅓ स्टॉप खाली येतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). राखाडी कार्ड १८ टक्के प्रकाश परत पाठवतं, तर हा गाल ७ टक्क्यांच्या आसपास. हिशोब जुळला.

तेव्हा गालावर स्पॉट धरून मीटर सांगेल तसं एक्स्पोजर दिलं, तर त्वचा मधली राखाडी होते आणि मागचं सगळं १⅓ स्टॉप जास्त जळतं. पूर्ण फ्रेमचं मोजमाप आणखी फसवं, कारण रानही गडद आणि माणूसही गडद. मीटर दोघांना उचलतो आणि पानांमधली आभाळाची भोकं पांढरी फट्ट होतात. नियम ठरला: घुमटाने मोजायचं, नाहीतर गालाच्या रीडिंगमधून १⅓ स्टॉप कमी करायचं.

रंग जुळवायच्या २४ चौकोनी तक्त्यातला पहिला चौकोन 'गडद त्वचा' म्हणून असतो. तो साधारण १० टक्के परावर्तनाचा, म्हणजे ताईंच्या गालाहून अर्धा स्टॉप उजळ. तक्ता व्हाइट बॅलन्सला (प्रकाशाची रंगछटा काढून पांढरं पांढरं दिसावं यासाठी) वापरावा, त्वचेचा पुरावा म्हणून नाही. या बाबतीत साधनांचा इतिहासच वाकडा आहे. कोडॅकच्या फिल्मचे छाप जुळवायला प्रयोगशाळांत गोऱ्या बाईचं 'शर्ली' कार्ड असे. गडद तपकिरी छटा नीट उतरत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांची. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

फ्रेम लावताना ताईंच्या जागी आमच्यापैकी कुणी उभं राहिलं की स्पॉटचं गणित एका स्टॉपहून जास्त चुकतं. त्यावर तोडगा: बांबूच्या काठीला ताईंच्या उंचीवर गडद तपकिरी सुती कापड गुंडाळलं. बाजारातून आणलेल्या तुकड्यांपैकी ज्याचं स्पॉट रीडिंग गालाशी जुळलं तोच ठेवला. कापड धुतल्यावर पुन्हा मोजावं, रंग उतरतो.

१२ ऑक्टोबर : हिरवा वरून, तांबडा खालून

पाऊस संपता संपता रान सगळ्यात हिरवं असतं आणि तेव्हाच ते सगळ्यात त्रासदायक असतं. पानांतून गाळून येणारा प्रकाश हिरवा. जांभ्या दगडाच्या मातीवरून उसळणारा तांबूस. राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतला तर कार्ड जुळतं, पण कपाळ, गालाचं हाड आणि खांदा यांच्यावरची चमक हिरवीच राहते आणि हनुवटीखाली तांबडी झाक येते. दोन दिशांचे दोन रंग एका स्लायडरने निघत नाहीत.

गोऱ्या त्वचेवर हा दोष कमी दिसतो, कारण तिचा बहुतेक उजळपणा त्वचेत शिरून विखरून परत येणाऱ्या प्रकाशाचा असतो. गडद त्वचेत आत शिरलेला प्रकाश बराचसा शोषला जातो. चेहऱ्याचा आकार सांगतं ते पृष्ठभागावरचं परावर्तन, म्हणजे चमक. आणि चमक त्वचेचा रंग दाखवत नाही, समोर जे आहे त्याचा दाखवते. इथे समोर पानं आहेत. म्हणून गडद त्वचेचा फोटो काढताना प्रकाश किती आहे यापेक्षा चेहऱ्याभोवती काय धरलं आहे हे महत्त्वाचं. 'अंधार आहे, फ्लॅश मारा' हा सल्ला इथेच बाद होतो: छोटा फ्लॅश कपाळावर छोटा पांढरा ठिपका देतो आणि बाकी चेहरा होता तसाच राहतो.

मांडणी अशी केली. मांजरपाटाचं २ बाय ३ मीटरचं कापड दोन बांबूंना ताणून चेहऱ्यापासून दीड मीटरवर, डाव्या अंगाला, वरच्या बाजूने ४५ अंश पुढे झुकलेलं. पानांमधून येणारी उन्हाची तिरीप कापडावर पडेल अशी जागा शोधली. ती नसेल तर कापड नुसतंच लटकतं. उजव्या अंगाला, हिरव्या झुडपांच्या दिशेने, काळं जाड सुती कापड. ते प्रकाश देत नाही, हिरवा अडवतं. पायाखाली, फ्रेमच्या बाहेर, जुनी राखाडी चादर, म्हणजे मातीचा तांबडा कमी होतो. तांबडा थोडा राहू द्या असं ताईंनी सांगितलं. माती इथलीच आहे. चादर अर्धी मागे ओढली.

मांजरपाट कोरा घ्यावा, खळ जाईपर्यंत दोनदा धुवावा. तो किंचित पिवळट असतो आणि ते चालतं. पांढऱ्याशुभ्र नव्या चादरी टाळाव्यात. त्यांच्यात चकाकीसाठी रसायन असतं, ते अतिनील किरणांत निळसर उजळतं आणि चमकेत निळा शिरतो.

१३ ऑक्टोबर : किरकोळ

जळवा अजून आहेत. मोज्यांवर तंबाखूचं पाणी. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा काढला की काचेवर लगेच धुकं धरतं. बॅग बंदच ठेवून सावलीत अर्धा तास थांबावं. रात्री लेन्स हवाबंद डब्यात, २०० ग्रॅम सिलिका जेलसोबत. या हवेत बुरशीला आठवडाही पुरतो.

२० ऑक्टोबर : फोकस आणि शटर

५० मिमी लेन्स, अंतर २.५ मीटर. एफ४ वर स्पष्ट पट्टा कागदावर २.२३ ते २.८४ मीटर, एफ८ वर २.०२ ते ३.२८. हे आकडे लहान छापाचे. १६ बाय २४ इंचाच्या छापासाठी पट्टा निम्माच धरावा, म्हणजे एफ४ वर डोळ्यांच्या पुढेमागे १५-१५ सेंटिमीटर. माणूस हलल्याशिवाय राहत नाही, तेव्हा एफ५.६ आणि आयएसओ ८००.

डोळे ओळखणारा ऑटोफोकस या उजेडात डोळा सोडून मागच्या पानांच्या कडा पकडतो. कॉन्ट्रास्ट तिथे जास्त. म्हणून हाताने फोकस. लेन्सच्या टोकाला सुतळी बांधली, दुसरं टोक ताई डोळ्याच्या कोपऱ्याला लावतात, ताण बसला की सोडून देतात. पाय ठेवायची जागा दोन खड्यांनी खूण केलेली. फोकसची रिंग चिकटपट्टीने पक्की.

शटरवर बरीच चर्चा झाली. ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घेणारा टायमर सोयीचा आहे, हात मोकळे राहतात. पण मग क्षण घड्याळ निवडतं. ताईंनी तो नाकारला आणि आम्हाला ते पटतं: बाकी सगळं दुसऱ्यांनी लावल्यावर शटरही दुसऱ्याचं असेल, तर आत्मचित्र कशाला म्हणायचं? रेडिओ रिमोट ठरला, २ सेकंदांच्या विलंबावर, तेवढ्यात हात खाली येतो. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शरीर आणि ओली पानं शोषून घेतात. रिमोट पाठीमागे धरला की चार-पाच मीटरवरही चुकतो. रिसीव्हर कॅमेऱ्यावर न लावता तारेने काढून बांबूवर उंच बांधला, तेव्हा भरवशाचा झाला. ताईंकडे तोंड करून स्क्रीन लावायची नाही. स्क्रीन असली की नजर तिच्याकडेच जाते.

९ नोव्हेंबर : ऐन

या रानातला ऐन सालीवरून लांबूनच ओळखता येतो: राखाडी-काळी, चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. सुकी साल ताईंच्या गालापेक्षा जवळपास एक स्टॉप उजळ आहे, त्यामुळे झाडापुढे माणूस गडद दिसतो, कातरून चिकटवल्यासारखा. साल भिजवली की ती एका स्टॉपने खाली येते आणि खांदा नि खोड एकाच छटेवर बसतात. छायाचित्रणाचं पुस्तक म्हणेल की हे टाळा, आकृती पार्श्वभूमीपासून सुटी दिसली पाहिजे. ताईंना नेमकं हेच हवं होतं. माणूस झाडात विरत जावा, पण हरवू नये.

न हरवण्यासाठी कड लागते. मांजरपाट समोरून काढून मागे डावीकडे नेला, खोडाच्या रेषेच्या किंचित मागे, त्यामुळे मान, खांदा आणि दंडावर एक अरुंद चमकती रेघ आली. ती त्वचेच्या बाकी भागापेक्षा दोन स्टॉप वर ठेवली. अडीचच्या वर गेली की प्लास्टिकसारखी दिसते. समोरून काही नाही, फक्त आभाळाचा पसरट उजेड.

साल भिजवायला घरातला फवारणीचा पंप वापरू नये. सुपारीच्या बागेत कोळेरोगावर त्यातून बोर्डो मिश्रण मारलेलं असतं. मोरचूद आणि चुन्याचा अंश नळीत राहतो, सालीवर निळसर पांढरे ओघळ पडतात आणि उघड्या पाठीला आग होते. वेगळा, कोरा पंप, साधं पाणी. सावलीत साल अर्ध्या तासात वरून सुकायला लागते, भेगांमध्ये ओल टिकते. तो मधला टप्पा, उंचवटे राखाडी आणि भेगा काळ्या, सगळ्यात चांगला. टेकण्याआधी खोडावर लाल मुंग्यांची वाट आहे का ते पाहावं. वारुळाला टेकायची कल्पना आली होती. नागाच्या शक्यतेमुळे ती तिथेच संपली.

१६ नोव्हेंबर : पोलरायझर आणि तेल

पानांवरची चकाकी काढायला पोलरायझर लावायची सवय सगळ्यांनाच असते. इथे तो घातक आहे. पानांची चकाकी जाते तशी त्वचेचीही जाते, आणि आपला चेहरा उभा आहे तो तिच्यावरच. पूर्ण फिरवलेल्या पोलरायझरने गाल आणि कपाळ सपाट, मातकट झाले. शिवाय फिल्टरने दीड स्टॉप प्रकाश खाल्ला. काढून टाकला.

खोबरेल तेल: चेहरा, मान आणि दोन्ही खांदे मिळून अर्धा चमचा. चोळून पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग कोरड्या मलमलीने टिपायचं. न टिपता घेतलं तर चमक तुकड्यातुकड्यांत फुटते. पाण्याचे थेंब हवे असतील तर पाणी आणि ग्लिसरिन समसमान, बारीक फवाऱ्याने. नुसतं पाणी ओघळून जातं.

३० नोव्हेंबर : कवंदी

कवंदी म्हणजे सिद्दी बायकांची गोधडी: जुन्या कपड्यांचे तुकडे, कडेपासून सुरू करून आत आत जाणारे टाके, कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुलं'. ताईंच्या घरातली कवंदी ओढ्याकाठच्या दोरीवर टाकून तिच्यापुढे उभी फ्रेम. फुलं फ्रेममध्ये आलीच पाहिजेत, कापायची नाहीत.

तांत्रिक अडचण लालची. कृत्रिम धाग्याच्या साडीचा भडक लाल तुकडा लाल चॅनेलमध्ये केव्हाच भरतो, पण कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) शांत दिसतो. तिन्ही चॅनेलचे वेगळे हिस्टोग्राम लावावेत आणि लाल चॅनेलचा आलेख उजव्या कडेला टेकायच्या ⅓ स्टॉप आधी थांबावं. कवंदी उन्हात आणि ताई सावलीत हे जमणार नाही. दोन्ही एकाच सावलीत.

२१ डिसेंबर : ओढा

पाण्याची रेशमी हालचाल हवी म्हणून एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर आणला होता, लागला नाही: इव्ही ८ ला आयएसओ १००, एफ११ वर जवळपास १/२ सेकंद आपोआप मिळतो. माणूस तेवढा वेळ उभा स्थिर राहत नाही. दगडावर बसून, कोपरं गुडघ्यांवर, श्वास सोडल्यावर शटर. ट्रायपॉडचे पाय वाळूत नको, खडकावर. दुपारी सूर्य इथे ५२ अंशांपर्यंतच चढतो, तरी अकरानंतर पाण्यावर जळके ठिपके येतात.

११ जानेवारी २०२५ : रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइली

प्रत्येक फ्रेम ⅔ स्टॉप जास्त घेऊन संगणकावर तेवढीच खाली आणली आहे, जिथे फ्रेममध्ये आभाळ नव्हतं तिथे. सावलीतला गोंगाट त्याने स्पष्ट कमी होतो. 'ऑटो' बटण कुठेही दाबायचं नाही. ते चेहरा शोधतं आणि उचलतं. फोनवर पाठवलेल्या प्रतींचंही तेच, काही फोन दाखवतानाच उजळून दाखवतात. निवड फोनवर करू नये.

ऐनाची चित्रं कृष्णधवल होणार. रूपांतरात लाल-नारिंगी स्लायडर वर नेला की गडद त्वचा सहज एक स्टॉप उजळते, कारण तिचा परावर्तित प्रकाश लालाकडे जास्त असतो. हिरव्या-निळ्याकडे झुकवलं की त्वचा गडद होते आणि पोत उठून दिसतो. हा फक्त सौंदर्याचा निर्णय नाही. दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांच्या २०१२ पासूनच्या आत्मचित्रांत कॉन्ट्रास्ट वाढवून त्वचा मुद्दाम प्रत्यक्षाहून काळी केलेली आहे, डोळ्यांचं पांढरं त्यातून थेट समोर येतं. गयानात जन्मलेल्या इन्ग्रिड पोलार्ड यांनी १९८० च्या दशकात इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये कृष्णवर्णीय माणसं उभी केली आणि छाप हाताने रंगवले. तिथे प्रश्न त्वचेच्या छटेपेक्षा जागेचा होता, या निसर्गात तुम्ही कसे, असा. ताईंनी दोन्ही पाहून तिसरं ठरवलं: काळं करायचं नाही, उजळ करायचं नाही, मोजलेल्या १⅓ वर ठेवायचं. स्लायडर त्या आकड्याला बांधले आणि फाइलीसोबत लिहून ठेवले.

२५ जानेवारी : छपाई

मॅट कापसी कागद, ३१० ग्रॅम, आणि बरायटा (चकचकीत थराचा छायाचित्र कागद) यांच्यात तुलना. मॅटची कमाल घनता (काळेपणाचं माप) १.६५ च्या आसपास, म्हणजे त्याचा सगळ्यात काळा काळा 'एल' मापावर (० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा) १७ वर थांबतो. बरायटा २.३ पर्यंत जातो, एल ४ ते ५. ताईंची त्वचा चित्रांत एल २० ते ४० मध्ये फिरते. बरायटावर त्वचेखाली अजून पंधरा पायऱ्या काळोख शिल्लक राहतो, मॅटवर तीन. ओल्या सालीच्या भेगा आणि मानेची सावली मॅटवर एकमेकींत मिसळतात.

पडद्यावर हे दिसत नाही. आधी एल ४ ते ४० पर्यंत दोन-दोनच्या पायऱ्यांची पट्टी प्रत्येक कागदावर छापावी आणि कुठल्या दोन पायऱ्या एक होतात ते दिवसाच्या उजेडात पाहावं. मॅटवर छापायचंच असेल तर १७ ते ३० या पट्ट्यातच छटांचा वक्र (कर्व्ह) वाकवावा. संपूर्ण चित्र उचललं की तिसरी अट मोडते. बाहेरच्या लॅबला फाइल देताना 'कोणतीही सुधारणा नको' हे लेखी द्यावं, आणि पट्टी चित्राच्या कडेला छापून घ्यावी. कुणी उजळलं तर पट्टीवर लगेच कळतं.

८ फेब्रुवारी : काच, टांगणी, फाइली

बरायटा ठरला, आणि त्याबरोबर काचेचा प्रश्न आला. साधी काच दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते. चित्रातली त्वचा ३ ते १० टक्क्यांत आहे, भेगा त्याहून खाली. म्हणजे समोर खिडकी असेल तर चित्राऐवजी खिडकीच दिसते. परावर्तनरोधक थर दिलेली काच १ टक्क्याच्या आत आणते. महाग आहे, पण गडद चित्रांना पर्याय नाही. बिनकाचेचा बरायटा कारवारच्या दमट हवेत एका पावसाळ्यात बुरशी धरेल.

पहिली मांडणी घराच्या ओसरीवर, मग गावच्या शाळेत. शाळेत दुपारी १५० लक्सच्या आसपास. तिथल्यासाठी वेगळा, ¼ स्टॉप उजळ छापाचा संच काढायचा का, यावर ताईंनी छाप तसेच ठेवून दिवे वाढवायला सांगितले. दोन एलईडी, ४००० केल्व्हिन, रंगदर्शन निर्देशांक ९५ च्या वर, भिंतीपासून ३० अंशांवर. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटर. ओसरीवर लोक जमिनीवर बसतात, तिथे ११०.

रॉ फाइलींचा हक्क ताईंचा, तसं कागदावर. तीन प्रती: दोन ड्राइव्ह ताईंकडे, एक वेगळ्या गावात. बाहेर जाणाऱ्या फाइलींतून जीपीएस काढलेलं आहे. चित्राखाली झाडाचं नाव, तालुका आणि महिना, एवढंच. जूनमधल्या पहिल्या पावसाच्या दोन फ्रेम राहिल्या आहेत. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याचं पावसाळी आवरण आणि रिमोटला मेणकापडाची पिशवी मे महिन्याआधी शिवून घ्यायची.